होळकरांचा पक्षी टी-शर्टवर कसा छापावा

काळ्या टी-शर्टवर शिल्प छापायचं असेल तर सावल्या छापायच्या नाहीत, फक्त उजेड छापायचा. सावली कापडात आधीच आहे. एवढं मला कुणी पहिल्या दिवशी सांगितलं असतं तर माझे दोन महिने वाचले असते, म्हणून तेच सगळ्यात आधी लिहिते.

मी इंदूरची. रामबागेतल्या घराच्या खालच्या खोलीत बाबांनी स्क्रीन प्रिंटिंग सुरू केलं ते लग्नपत्रिका, मुंजीच्या पत्रिका आणि कापडी पिशव्यांपासून. लाकडी फ्रेम, तिच्यावर खिळ्यांनी ताणलेलं बोल्टिंग कापड, म्हणजे शाई जिच्यातून खाली उतरते ती बारीक जाळी, आणि एक्स्पोजर, म्हणजे उजेडाने जाळीवर चित्र उठवणं, गच्चीवर उन्हात. आता ती खोली माझ्याकडे आहे. मी टी-शर्ट छापते, आणि त्यातलं मला सगळ्यात प्रिय काम गावातल्या एका छोट्या संग्रहालयाच्या दुकानासाठीचं आहे: एकाच शिल्पाचे तीन टी-शर्ट. शिल्पाचा टी-शर्ट म्हटलं की बहुतेक जण फोटो उचलतात आणि छातीवर चौकोनात छापून टाकतात. तो टी-शर्ट घामाने अंगाला चिकटतो, चौकोन पत्र्यासारखा ताठ राहतो आणि शिल्प कुठेच दिसत नाही. ज्यांना हे काम नीट करायचं आहे त्यांच्यासाठी मी माझी पद्धत उकलून सांगते.

पक्षी कुठला, ते आधी. कॉन्स्टंटिन ब्रांकुशी हा रोमेनियात १८७६ साली जन्मलेला आणि १९०४ पासून अखेरपर्यंत पॅरिसमध्ये काम केलेला शिल्पकार. 'अवकाशातला पक्षी' हे शिल्प त्याने १९२३ पासून पुढे पुन्हा पुन्हा घडवलं, सात संगमरवरात आणि नऊ ब्राँझमध्ये. त्यांतले तीन आमच्या यशवंतराव होळकरांनी, म्हणजे दुसऱ्या यशवंतरावांनी, १९३०च्या दशकात घेतले: एक झिलई केलेल्या ब्राँझचा, एक पांढऱ्या संगमरवराचा, एक काळ्या. हे तीन पक्षी आणि मध्ये पाणी, असं एक ध्यानमंदिर इंदुरात बांधायचं चाललं होतं आणि त्यासाठी ब्रांकुशी १९३७-३८च्या हिवाळ्यात स्वतः इकडे आला होता. मंदिर झालं नाही. दोन्ही संगमरवरी पक्षी १९७३ साली ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय कलादालनाने घेतले आणि ते आज कॅनबेऱ्यात आहेत. ब्राँझचा कॅलिफोर्नियात, पॅसाडिनाच्या नॉर्टन सायमन संग्रहालयात आहे. एकार्ट मुथेसिउस या जर्मन वास्तुरचनाकाराने होळकरांसाठी बांधलेला माणिकबाग महाल मात्र इथेच आहे, आणि त्यात केंद्र सरकारच्या कर खात्याचं कार्यालय आहे. इंदूरच्या मराठी घरांतल्या मुलांनाही हा पक्षी ठाऊक नसतो, याचं मला फार वाईट वाटतं. अंगावर घातलेला टी-शर्ट निदान प्रश्न तरी विचारायला लावतो.

आता हक्काचा विषय, कारण तो टाळून पुढे गेलात तर छापलेला सगळा माल घरी बसेल. आपल्या कायद्यात कलाकाराच्या निधनानंतर ६० वर्षं त्याच्या कामावर वारसांचा हक्क असतो आणि ती मोजणी निधनाच्या पुढच्या वर्षापासून सुरू होते. ब्रांकुशी १९५७च्या मार्चमध्ये गेला, म्हणजे भारतात हा हक्क २०१७ अखेर संपला. फ्रान्समध्ये आणि युरोपीय संघात मात्र मुदत ७० वर्षांची, म्हणजे २०२७ अखेरपर्यंत. म्हणून युरोपात पाठवायची ऑर्डर आली की मी सरळ नाही म्हणते. दुसरी गोष्ट लोक विसरतात: शिल्पावरचा हक्क संपला तरी त्याच्या फोटोवर फोटो काढणाऱ्याचा वेगळा हक्क असतो. संग्रहालयाच्या संकेतस्थळावरचा फोटो उतरवून छापणं चुकीचंच आहे. त्यापेक्षा खूप फोटो बघा आणि मग सगळे बंद करून स्वतः चित्र काढा. हयात असलेल्या किंवा अलीकडे गेलेल्या शिल्पकाराचं काम असेल तर लेखी परवानगी घ्या. सार्वजनिक जागी कायम उभ्या असलेल्या शिल्पाचं चित्र किंवा फोटो काढायची मुभा आपल्या कायद्याच्या कलम ५२ मध्ये आहे, पण टी-शर्ट विकायचा असेल तर मी तरीही कलाकाराला किंवा घरच्यांना विचारते. त्यांनी आयुष्य घातलेलं असतं त्यात.

चित्र काढायला बसलात की पहिला मोह बाह्यरेषेचा होतो. पक्षी इतका साधा आहे की वाटतं, दोन वळणदार रेघा काढल्या की झालं. तसं करू नका. १९२६ साली याच मालिकेतला एक ब्राँझचा पक्षी बोटीने न्यूयॉर्कला पोहोचला तेव्हा अमेरिकेच्या जकात खात्याने त्याला कलाकृती मानायला नकार दिला, स्वयंपाकघरातली भांडी आणि इस्पितळातलं साहित्य या वर्गात घातलं आणि ४० टक्के जकात लावली. प्रकरण कोर्टात गेलं आणि १९२८च्या नोव्हेंबरमध्ये निकाल शिल्पाच्या बाजूने लागला. माझा पहिला नमुना मी नुसत्या बाह्यरेषेत छापला होता. तो बघून शेजारच्या काकूंनी विचारलं, "ही सुरी का गं?" त्यांचं काही चुकलं नव्हतं. रेषेत फक्त वस्तूचा आकार येतो. पक्ष्याचं वर झेपावणं त्याच्या अंगावर पडलेल्या उजेडात आहे.

तरीही आकार अचूक हवा, आणि त्यात तीन जागा सांभाळायच्या. खाली एक निमुळता पाय आहे. तो जमिनीकडून वर येताना बारीक होत जातो, एका जागी अगदी मनगटासारखा आवळतो आणि तिथून अंग फुगायला लागतं. ही आवळलेली जागा जरा जाड झाली की पक्षी उडत नाही, नुसता उभा राहतो. दुसरी जागा पोटाची: सगळ्यात जाड भाग बरोबर मध्यावर नाही, जरासा वर आहे, आणि एका बाजूची कड दुसरीपेक्षा किंचित जास्त फुगलेली आहे. दोन्ही बाजू आरशासारख्या सारख्या केल्या तर पान दिसतं. तिसरी जागा शेंड्याची. तो टोकदार नाही, तिरका छाटलेला आहे. हा छाट छोटा असतो, पण ट्रेसिंगवर काढताना त्याला पट्टीने सरळ कापा, गोल होऊ देऊ नका. माझं चित्र ३२ सेंटिमीटर उंच आहे आणि सगळ्यात जाड जागी साडेतीन सेंटिमीटर. लहान मापांसाठी वेगळी २६ सेंटिमीटरची फिल्म, म्हणजे जाळीवर चित्र उठवायला लागणारं पारदर्शक कागदावरचं काळं चित्र, ठेवली आहे. मोठीच छोट्या टी-शर्टवर मारली तर पाय पोटाच्या घडीत जातो.

उजेड कुठे पडतो हे शिकायला मी कॅनबेऱ्याला गेले नाही, जाऊ शकले नाही. बाबा म्हणाले, "अगं, घरात बघ ना. धातू, दगड, सगळं आहे." आणि खरंच होतं.

ब्राँझसाठी समई घ्या. चिंच-मीठ लावून लखलखीत घासा, खिडकीजवळ ठेवा आणि तिच्या दांड्याकडे पाच मिनिटं नुसतं बघा. आपल्याला वाटतं की उजेड पांढऱ्यापासून पिवळ्याकडे, पिवळ्यापासून तपकिरीकडे हळूहळू मावळत जातो. झिलई केलेल्या धातूवर तसं होतच नाही. उजेडाची तिरीप ब्लेडने कापल्यासारखी तीक्ष्ण कडेची असते आणि तिला अगदी खेटून सगळ्यात गडद काळोख असतो. त्या काळोखात पलीकडच्या कडेला पुन्हा एक बारीक रेघ चमकते, ती भिंतीवरून परतलेल्या उजेडाची. समई फिरवा, तिरीप जागची हलत नाही, कारण ती खिडकीची आहे, समईची नाही. हे डोळ्यांत बसलं की ब्राँझच्या पक्ष्यासाठी हाफटोन, म्हणजे लहान-मोठ्या ठिपक्यांनी केलेली छटा, लागत नाही हे आपोआप कळतं. लागतात फक्त सपाट रंगाचे, तीक्ष्ण कडेचे दोन-तीन तुकडे.

पांढऱ्या संगमरवरासाठी सोललेलं उकडलेलं अंडं. त्यावर उजेड पसरतो, जरा आतही शिरतो आणि कुठे संपला ते बोट ठेवून सांगता येत नाही. इथे ठिपके हवेतच.

काळ्यासाठी स्वयंपाकघरातला ग्रॅनाइटचा ओटा. ओट्याची पुढची कड गोल घासलेली असते. संध्याकाळी फक्त खिडकीचा उजेड असताना त्या कडेवर लांबच्या लांब एक पांढरी रेघ दिसते आणि बाकी सगळा दगड अंधारात जातो. काळा पक्षी म्हणजे तेवढी रेघ. मी दोन महिने काळ्या कापडावर राखाडी छटा छापत बसले होते आणि पक्षी धुळीने माखल्यासारखा दिसत होता. एका संध्याकाळी ओटा पुसताना ती रेघ दिसली, आणि दुसऱ्या दिवशी सगळ्या राखाडी फिल्म बाजूला ठेवल्या.

कापड निवडण्यात मी सगळ्यात मोठा मार खाल्ला आहे, म्हणून इथे जरा थांबा. मला लागतं ते शंभर टक्के कोम्ब्ड कॉटन (आखूड तंतू विंचरून काढलेला कापूस), सिंगल जर्सी (टी-शर्टची नेहमीची एकेरी वीण), १८० जीएसएम (चौरस मीटरला १८० ग्रॅम), बायोवॉश केलेलं, म्हणजे वरची लव काढलेलं. इंदूरच्या मे महिन्यात १८० जाड वाटतं हे खरं, पण पातळ कापडावर लांब उभी रेघ लाटांसारखी हलते. पॉलिस्टर मिसळलेलं घेऊ नका, कारण गडद पॉलिस्टरचा रंग उष्णतेने सुटून पांढऱ्या शाईत चढतो आणि पक्षी गुलाबी किंवा मळकट होतो. हे सगळं मी पाळलं होतं. तरी पहिले साठ टी-शर्ट दुकानात गेले आणि महिन्याभरात परत यायला लागले. पक्षी तिरका झाला होता. छपाई सरळ होती, पण धुतल्यावर कापड पिळलं. सिंगल जर्सीच्या विणीत हा दोष मुळातच असतो: सुताला पीळ असतो, धुतल्यावर तो सैल व्हायला बघतो आणि बाजूची शिवण फिरून पुढे येते. फुलापानांच्या छपाईत हे कुणाच्या लक्षातही येत नाही. माझ्या टी-शर्टवर एकच उभी आकृती होती, ती कलली की सगळंच कललं. माल देणाऱ्याने हात वर केले. मी साठच्या साठ बदलून दिले.

तेव्हापासून नवा लॉट आला की त्यातले दोन टी-शर्ट छापायच्या आधी तीनदा धुते, वाळवते आणि सपाट टेबलावर ठेवून बाजूची शिवण बघते. खालच्या पट्टीशी शिवण दोन सेंटिमीटरपेक्षा जास्त सरकली असेल तर तो लॉट पक्ष्याला वापरत नाही. त्याच वेळी लांबी मोजून आटतं किती तेही लिहून ठेवते. तीन-चार टक्के आटलं तर चालतं, पण फिल्म त्या हिशोबाने किंचित लांब करावी लागते, नाहीतर पक्षी बुटका होतो.

टेबलावर टी-शर्ट चढवताना शिवणीकडे बघून सरळ लावू नका, विणीकडे बघा. जर्सीच्या चांगल्या बाजूला उभ्या बारीक ओळी दिसतात. माझ्या लाकडी पाटावर मध्यभागी एक रेघ आखलेली आहे, कापडाची एक ओळ त्या रेघेवर बसवते, मग हलक्या हाताने दाबते. पाटावर टेबल गम हवाच, कापड जराही सरकायला नको. आणि ओढू नका. ओढून छापलेला पक्षी कापड सोडलं की आक्रसतो.

जागा कुठली? मध्यभागी नाही. छातीच्या मध्यावर खळगा असतो, बायकांच्या अंगावर तर जास्तच. तिथे उभी रेघ घडीत हरवते. मी घालणाऱ्याच्या डाव्या बाजूला, मध्यापासून सहा सेंटिमीटरवर, गळ्याच्या पट्टीपासून चार बोटं खाली शेंडा ठेवते. उरलेलं कापड रिकामं. दुकानदारांना रिकामं कापड बघवत नाही, ते म्हणतात नाव टाका, शहराचं नाव टाका, खाली ओळ टाका. मी टाकत नाही. ब्रांकुशी आपल्या शिल्पांचे चौथरेही स्वतः घडवायचा आणि शिल्पाभोवतीच्या जागेची त्याला काळजी असायची. आपणही तेवढी ठेवावी.

आता तिन्ही छपाया.

काळा पक्षी काळ्या कापडावर. यात एकच फिल्म: डाव्या कडेने वर जाणारी एक लांब तिरीप, पायापाशी एक मिलिमीटर, पोटापाशी सहा मिलिमीटर, शेंड्याकडे पुन्हा बारीक, आणि उजव्या कडेला फक्त पोटाच्या उंचीवर एक छोटी, अंधूक रेघ. बाकी काही नाही. जाळी ५५टी घ्या, म्हणजे इंचाला १४० दोरे. एक मिलिमीटरपेक्षा बारीक काही ठेवू नका, कारण जर्सीच्या दोन उभ्या ओळींमधल्या खाचेत बारीक रेघ पडली की तुटक दिसते. शाई पांढरी प्लास्टिसॉल, म्हणजे तापवल्यावरच पक्की होणारी, दाट. एक हात मारा, म्हणजे शाई जाळीवरून एकदा ओढा, फ्लॅशखाली (वरून तापवणाऱ्या यंत्राखाली) काही सेकंद, म्हणजे बोटाला लागणार नाही इतकंच, आणि मग बरोबर त्याच जागी दुसरा हात. एकाच हातात जाड थर देण्याचा प्रयत्न केला तर कड फुगते, आणि इथे सगळं कडेवर आहे. जाळी आणि कापड यांत दोन-तीन मिलिमीटर अंतर हवं, म्हणजे स्क्वीजी (शाई ओढायची रबरी पट्टी) पुढे गेली की जाळी लगेच सुटते. हे अंतर नसेल तर रेघेला मिशा फुटतात.

पांढरा पक्षी गडद निळ्या कापडावर, आणि तो मी पांढऱ्या शाईने छापत नाही. डिस्चार्जने छापते. डिस्चार्जची पेस्ट कापडावर रंग चढवत नाही, कापडातला रंग काढते. उष्णता लागली की तिथला निळा उतरतो आणि कापसाचा मूळचा, किंचित पिवळसर पांढरा वर येतो. तो रंग शाईच्या पांढऱ्यापेक्षा संगमरवराच्या फार जवळचा आहे, आणि हात फिरवला तर छपाई लागतच नाही. कापड रिअॅक्टिव्ह रंगात रंगवलेलं हवं, आणि त्यातलेही काही निळे पूर्ण उतरत नाहीत, म्हणून माल घेतानाच विचारा आणि एक तुकडा करून बघा. सल्फर रंगाच्या काळ्यावर डिस्चार्ज नीट चालत नाही. पेस्टला वास येतो आणि गरम करताना वाफ निघते, तेव्हा दारं-खिडक्या उघड्या, पंखा बाहेर फेकणारा आणि तोंडाला योग्य मास्क. टी-शर्ट दुकानात द्यायच्या आधी एकदा धुऊन द्यायचा, हा माझा नियम आहे. ग्राहकाने तो नवाकोरा अंगावर चढवला तर उरलेलं रसायन त्याच्या कातडीला लागू नये.

याची फिल्म हाफटोनमध्ये: इंचाला ४५ ठिपक्यांच्या ओळी, जाळी ९०टी, म्हणजे साधारण २३० दोरे. ठिपक्यांच्या ओळींच्या पाचपट दोरे धरले की हिशोब बसतो. ठिपक्यांचा कोन साडेबावीस अंश ठेवा, ४५ किंवा ९० ठेवला तर जाळीशी भांडून पट्टे उमटतात. ठिपका कापडावर फुगतोच, म्हणून संगणकावर चित्र जरा अशक्त दिसेल असं करा. पाच टक्क्यांखालचे ठिपके धरून ठेवायचा हट्ट करू नका, ते एक्स्पोजरमध्ये धुऊन जातात. अंड्यावर उजेड जिथे संपतो ती जागा मात्र सांभाळा. सगळ्यांत मोठ्या ठिपक्यांपासून कोऱ्या निळ्यापर्यंत जायला पोटापाशी निदान दोन सेंटिमीटर तरी द्या. घाईने मावळलेला उजेड प्लास्टिकच्या बाटलीवर असतो तसा दिसतो. आणि मे महिन्यात हे काम सकाळी सातच्या आत करा. पाण्याची पेस्ट बारीक जाळीत दहा मिनिटांत वाळून बसते आणि मग वरचे ठिपके गायब होतात. प्रत्येक हातानंतर शाई जाळीवर पसरून ठेवा, कोरडी जाळी उघडी सोडू नका.

ब्राँझचा पक्षी कॉफी रंगाच्या कापडावर. सोनेरी शाई वापरू नका. हे मी अगदी कळकळीने सांगते, कारण दुकानांकडून मागणी तिचीच येते. सोनेरी शाईतले कण सगळीकडे सारखेच चमकतात, म्हणजे तिरीप कुठेच उरत नाही, आणि वीस धुण्यांत ती शेवाळी पडते. समईवर काय दिसलं ते आठवा: गडद आणि उजळ खेटून उभे होते, म्हणून ती चमकत होती. तेव्हा दोनच शाया: मोहरीचा पिवळा आणि जवळजवळ पांढरा असा साईचा रंग. गडद भाग कापडाचाच. मोहरीची फिल्म अंगाचा सुमारे निम्मा भाग व्यापते, त्यावर साईच्या रंगाची तिरीप, तिला खेटून उजवीकडे कोरं कॉफी कापड, आणि त्यापलीकडे कडेने मोहरीची बारीक रेघ. दोन फिल्म जुळवताना तिरिपीची एक कड कापडाला भिडते आणि दुसरी मोहरीवर अर्धा मिलिमीटर चढते. चढवली नाही तर मध्ये कापडाची फट डोकावते आणि चमक मोडते. दोन हात दूर धरून बघा. धातू दिसायला हवा. दिसत नसेल तर तिरीप जाड झाली आहे, फिल्मवर ती बारीक करा. रंग बदलून उपयोग नाही.

स्क्रीन बनवण्याबद्दल दोनच गोष्टी. पावसाळ्यात इमल्शन, म्हणजे जाळीवर चढवायचा, उजेडाने घट्ट होणारा लेप, वरून वाळल्यासारखं वाटतं आणि आतून ओलं असतं. एक्स्पोजरनंतर पाणी मारलं की तिरिपीची कड सोलून निघते. मी लाकडी कपाटात ओल शोषणारं यंत्र ठेवून स्क्रीन रात्रभर तिथेच आडवी ठेवते. आणि लेपात मिसळायचं जुन्या पद्धतीचं बायक्रोमेट हे रसायन वापरत असाल तर हातमोज्यांशिवाय हात लावू नका, शक्यतो सोडूनच द्या. बाबांच्या बोटांच्या भेगा वर्षानुवर्षं भरल्या नाहीत. तयार फोटोपॉलिमर इमल्शन महाग पडतं, तरी मी तेच आणते.

पक्कं करणं, म्हणजे क्युअरिंग. प्लास्टिसॉलच्या थरात तळापर्यंत १६० अंश पोहोचायला हवेत. यंत्रावर दिसणारा आकडा हवेचा असतो, शाईचा नाही, म्हणून तापमान दाखवणारी पट्टी कापडावर चिकटवून खात्री करा. थंड झाल्यावर पोटापाशी छपाई दोन्ही हातांनी ताणा. तडा गेला तर कच्ची आहे. डिस्चार्जला पाणी उडून जाईपर्यंत जास्त वेळ लागतो, मी अडीच मिनिटं देते. प्रत्येक लॉटमधला एक टी-शर्ट मी स्वतः घालते आणि दर दोन दिवसांनी धुते. तीन महिन्यांत त्याचं काय होतं, त्यावरून पुढच्या लॉटची शाई आणि वेळ ठरवते.

खपतो तो ब्राँझचा. काळा सगळ्यात कमी खपतो, आणि तो घेणारा माणूस दुकानात बराच वेळ उभा राहिलेला असतो, असं तिथली मुलगी सांगते. म्हणून मी तो छापणं बंद केलेलं नाही.

आतल्या बाजूला मानेपाशी मी शिवलेली पट्टी लावत नाही, ती टोचते. तिथेच छोट्या अक्षरांत छापते: शिल्पाचं नाव, शिल्पकाराचं नाव, कशात घडवलं आहे आणि आज ते कुठे आहे. काळ्या आणि पांढऱ्यावर कॅनबेरा, ब्राँझवर पॅसाडिना. त्याखाली धुण्याची सूचना: उलटा करून थंड पाण्यात, ब्लीच नाही, सावलीत वाळवा, इस्त्री आतून.

घडी घालताना पक्षी मोडू देऊ नका. बाजू आणि बाह्या मागे दुमडा, मग आडव्या दोनच घड्या, आणि त्यातली एक बरोबर त्या आवळलेल्या जागेच्या खाली येईल अशी, म्हणजे अंगावर वळ पडत नाही. प्लास्टिसॉल असेल तर छपाईवर बटर पेपरचा तुकडा ठेवा. उन्हाळ्यात गठ्ठ्यातल्या टी-शर्टांची शाई एकमेकींना चिकटते, आणि सोडवताना निघून येते ती नेमकी तिरीपच.